आठ तालुक्यांचं घर

"मम्मी! समुद्रपूरचं पानी सेलूत घुसलं!"

आकांक्षाची आरोळी अंगणातून आली तेव्हा रीता पोळ्या लाटत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कुठपर्यंत घुसलं?"

"तुळशीपर्यंत! साबनाचं पानी हाय!"

"अंकित, आपला पूर आपण ओढायचा."

न्हाणीघरातून तेरा वर्षांचा अंकित वायपर घेऊन, कुरकुरत का होईना, बाहेर आला. पुढं दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं हे सगळं ऐकलं आणि गजेंद्रकडं पाहिलं. गजेंद्र साखर तोलता तोलता म्हणाला, "काई नाई, भाऊ. आमच्या घरी भूगोल सुरू हाय."

अल्लीपुरात गजेंद्रचं किराणा दुकान, आणि दुकानाच्या मागं घर. घरात तो, त्याची बायको रीता, आई कौशल्याबाई आणि पाच मुलं. मोठी आचल पंधराची, मग अंकित, मग काजल आणि आकांक्षा या नऊ वर्षांच्या जुळ्या, आणि शेंडेफळ रोशन, पाच वर्षांचा. पाचांपैकी एकही शाळेत जात नव्हतं. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा रीतानं मुलांना घरीच शिकवायला घेतलं. ती वर्ध्याची बीएस्सी बीएड, लग्नाआधी दोन वर्षं शिकवलेलं. पुढं शाळा उघडल्या, पण तोवर मुलांना प्रश्न विचारायची सवय लागली होती आणि रीताला उत्तरं शोधायची. मोठी दोघं आधी हिंगणघाटच्या शाळेत गाडीनं जायची आणि संध्याकाळी दप्तर पाठीवरच ठेवून झोपी जायची. ते दिवस परत आणायची तिला हौस नव्हती. आचल पुढच्या वर्षी बाहेरून दहावीला बसणार होती.

पण पाच मुलं दिवसभर घरात असली की घराचं काय होतं, हे ज्यांच्या घरी असतात त्यांनाच ठाऊक. शाळेत जाणाऱ्या मुलांचं घर निदान दहा ते पाच आवरलेलं राहतं. रीताच्या घरात कापसाच्या बोंडांवर प्रयोग चालायचा तो जेवायच्या जागेवर, आणि अपूर्णांक शिकायचे तर तूरडाळ मोजून. मग ती डाळ आठ दिवस पायांना टोचायची.

कौशल्याबाईंचं शिक्षणाशी वैर नव्हतं. त्यांचं वैर त्या डाळीशी होतं. जूनअखेर गावातली मुलं नवी दप्तरं घेऊन निघाली, त्या दिवशी त्यांनी सुनेला आणि मुलाला समोर बसवलं.

"यंदा महालक्ष्म्या आपल्या घरी हायेत," त्या म्हणाल्या. "साऱ्या घरातून फिरवा लागते त्यायले. पाय ठेवाले जागा नसन तर मी समजीन का हे घर घर नाई अन् शाळाबी नाई. मंग दिवाळीनंतर पाचही जन गाडीत बसून हिंगणघाटले जातीन. कबूल?"

गजेंद्रनं रीताकडं पाहिलं. रीता म्हणाली, "कबूल, आई."

महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, या कुटुंबात तीन घरी पाळीपाळीनं बसतात. गेल्या वर्षी समुद्रपूरला कौशल्याबाईंच्या जावेकडे, शकुंतलाबाईंकडे होत्या, आणि तिथं फरशीत तोंड दिसत होतं असं शकुंतलाबाईंनी वर्षभरात फोनवर सात-आठ वेळा सांगितलं होतं. यांची रीत अशी की मुखवटे दारातून आत आणायचे, ताट वाजवत खोली न् खोली फिरवायची, आणि प्रत्येक उंबऱ्यावर एकीनं विचारायचं, इथं काय आहे? मुखवटा घेतलेलीनं सांगायचं, इथं धान्य आहे, इथं कपडालत्ता आहे. जे सांगितलं ते वर्षभर तसंच ठेवायचं. देवीला सांगितलेलं मागं घेता येत नाही.

त्या आठवड्यात मुलं वर्धा जिल्ह्याचा नकाशा शिकत होती. आठ तालुके पाठ करता करता काजलच म्हणाली, "आजीची खोली सोडून आपल्याबी घरात आठच जागा हायेत ना?" रीताच्या डोक्यात तिथंच दिवा लागला. दुसऱ्या दिवशी बैठकीच्या भिंतीवर पुठ्ठा लागला. बैठक म्हणजे वर्धा, तिथं आचल तहसीलदार. स्वयंपाकघर हिंगणघाट, कारण तिथं सदा बाजार. ते रीताकडं. देवघर अर्थातच देवळी, काजलचं. अंगण सेलू, आकांक्षाचं. झोपायची खोली आर्वी, तिथल्या उशा रचायला रोशन. गोदाम कारंजा, ते गजेंद्रकडं. न्हाणीघर आणि संडास समुद्रपूर, ते अंकितच्या वाट्याला. उरली कोठीखोली, म्हणजे आष्टी. ती नाइलाजानं आचलच्याच गळ्यात पडली.

"आष्टी एवढी दूर हाय, अन् तीबी मलेच?" आचल म्हणाली.

"मोठ्या अधिकाऱ्याकडं दोन तालुके असतातच," रीता म्हणाली.

आणि आजीची खोली? तिला तालुकाच नव्हता. सासूच्या नावापुढं झाडू लिहायचा, हे काही रीताच्या हातून होईना. तिनं ती चौकटच रिकामी सोडली. अंकितनं त्या रिकाम्या जागेत बारीक अक्षरात 'नागपूर' लिहिलं. "सगळे हुकूम तिकडूनच येते ना," त्यानं कारण दिलं. सगळे हसले.

नियम एकच होता. दिवेलागणीला आपल्या तालुक्यात बेवारस वस्तू दिसता कामा नये. पहिले आठ दिवस सीमावादात गेले. कचरा झाडून उंबऱ्यापलीकडं लोटणं, दुसऱ्याच्या तालुक्यात चप्पल सोडणं, सगळं झालं. मग मात्र घर बदलायला लागलं. आकांक्षा अंगणात कोणाला फोलपट टाकू देईना. रोशन उशा अशा रचायचा की रात्री त्या मोडायला जीव होत नसे. गजेंद्रनं तर गोदामात पोत्यांवर नावं लिहिली, जे त्याच्या वडिलांनाही जमलं नव्हतं. श्रावण संपेपर्यंत बैठकीत फरशी दिसायला लागली. बेवारस वस्तू अशा नाहीशा झाल्या की रीताला आपल्या मुलांचा अभिमान वाटला. त्या जातात कुठं, हे मात्र तिनं एकदाही विचारलं नाही.

ते तिला कळलं महालक्ष्म्या आणायच्या दिवशी, सकाळी नऊ वाजता.

मुखवट्यांची पत्र्याची पेटी कौशल्याबाईंच्या पलंगाखाली असते. शकुंतलाबाई समुद्रपूरच्या बसनं अकरापर्यंत येणार होत्या, म्हणून रीता पेटी काढायला गेली. खाली लोंबलेली चादर वर केली, पेटीची कडी धरून ओढली, तर पेटी हलेना. जोर लावला, तशी पेटीच्या आधी कूलरची जुनी वाळ्याची ताटी बाहेर आली, आणि तिच्यामागून सगळा जिल्हा आला. सायकलचं पेडल. एकेक पायाच्या तीन चपला. मुंडकं नसलेली बाहुली. पिसं झडलेली फुलं, बॅडमिंटनची. 'बोंडअळी, हात लावू नये' अशी चिठ्ठी लावलेली बरणी. दुकानातला मोडका तराजू. आणि सगळ्यांच्या शेवटी घरंगळत आलं मिक्सरचं एक भांडं, झाकण नसलेलं.

तराजू पाहून रीताला नवऱ्याचा राग आला. भांडं पाहिल्यावर तो गेला. ते भांडं तिनंच एका सकाळी घाईत रोशनच्या हातात दिलं होतं, 'हे कुठंतरी ठेव' म्हणून.

"रोशन!" तिनं हाक मारली. पाचही जण दारात जमले. "हे सगळं इथं कसं आलं?"

अंकित म्हणाला, "बेवारस वस्तू तालुक्यात नाई पाह्यजे, असं तूच सांगतलं होतं. म्हून आम्ही जिल्ह्याबाहेर पाठवली."

"पण मी तर फक्त चपला ठेवल्या," काजल म्हणाली.

"मीबी एकच बाहुली," आकांक्षा म्हणाली.

ज्यानं त्यानं थोडंथोडंच ठेवलं होतं. दुसराही ठेवतो हे कोणालाच माहीत नव्हतं.

"अडीच महिने झाले," मागून आवाज आला. कौशल्याबाई दारात उभ्या होत्या, हाताला पुरणाची डाळ लागलेली. त्या चिडलेल्या नव्हत्या, आणि तेच रीताला जड गेलं. "रोज काई ना काई येऊन राह्यलं. मी बोललो नाई. म्हटलं, साऱ्यायनं ठरवलं असन. म्हातारीले काय लागते जागा? खाटेपुरती."

रीताच्या हातातलं भांडं तिच्या हातातच राहिलं. दोन तासांनी शकुंतलाबाई येणार, ही खोली अशी, आणि जिनं निकाल द्यायचा तिच्याच पलंगाखाली सगळ्या घराचा कचरा. हरलो, असं तिला वाटलं. पण त्याहून वाईट काही वाटत होतं. अडीच महिने ही बाई मुकाट कचऱ्यावर झोपली.

"आई, चुकलंच," ती म्हणाली. "ठरवून नाही केलं हो. पण चुकलं."

रोशननं आजीचा पदर धरला. "आजी, तुही खोली नागपूर हाय."

"काय हाय?"

"नागपूर. हुकूम तिथून येते. म्हून तिथं तहसीलदार नाई."

कौशल्याबाईंनी अंकितकडं पाहिलं. अंकित फरशी पाहायला लागला. "चाल," त्या रोशनला म्हणाल्या, "दाखव मले तो पुठ्ठा." त्या पुठ्ठ्यासमोरून त्या रोज जात, पण थांबून पाहिला नव्हता. आता नाक लावून वाचला, खालून वर, वरून खाली.

"गजेंद्रचं नाव हाय. या चिमण्याचं हाय. माहं कुठी हाय?"

"आई, तुमच्या नावापुढं झाडू कसा लिहू मी?" रीता म्हणाली.

"काऊन? माहे हात गळले का? चाळीस वर्सं हे घर कोनं झाडलं? मले वाटे, हे सारे मिळून खेळून राह्यले अन् मले कोनी घेत नाई." हे बोलताना त्यांचा आवाज रोशनएवढा झाला. मग त्यांनी पदर खोचला. "आष्टी कोनाकडं हाय?"

"माह्याकडं. दुसरा तालुका," आचल पटकन म्हणाली.

"दे मले. धान्याची खोली तुले काय समजते? मुंग्या कुठून येते माहीत हाय का? अन् तुम्ही तहसीलदार हो, तोंडं काय पाहून राह्यले? आपापला माल उचला!"

मग जे झालं त्याला झाडझूड म्हणणं कमीच. आचलनं पलंग ओढला, अंकित खाली शिरला. जुळ्या ओळीनं उभ्या राहून एकेक वस्तू पुढं देत होत्या आणि रोशन मालकाचं नाव पुकारत होता. "तराजू, पप्पा! भांडं, मम्मी!" दुकानातून गजेंद्र तराजू न्यायला आला आणि आईनं सगळ्यांदेखत त्याला ओलं फडकं धरायला लावलं. बरणीतली बोंडअळी केव्हाच पाखरू होऊन मेली होती. काजलनं तरी चिठ्ठीवर तारीख लिहिली. कौशल्याबाई पलंगावर बसून सांगत होत्या, "कोपरा! कोपरा पह्यले! मधातलं तर कोनीबी पुसते." साडेदहाला नागपूर लख्ख झालं. अकरा वाजता रिक्षा थांबली.

शकुंतलाबाई आत आल्या, पाणी प्याल्या आणि चष्मा लावून थेट पुठ्ठ्यापाशी गेल्या. "हे काय व माय? माह्या समुद्रपुरात संडास-बाथरूम?"

"मोठी आजी," अंकित म्हणाला, "सगळ्यात जास्त मेहनत समुद्रपुरातच लागते."

"तोंड तर लयच तयार केलं या पोराचं, कौशल्या. शाळेत नाई जात अजून?"

"आधी महालक्ष्म्या तर आनू द्या आतमध्ये," कौशल्याबाई म्हणाल्या.

हळदीकुंकवाची पावलं आचलनं काढलीच होती. एक मुखवटा कौशल्याबाईंनी घेतला, दुसरा रीतानं. मागं रोशन ताट वाजवू लागला. आकांक्षाच्या अंगणातून, काजलच्या देवघरातून सगळे निघाले. शकुंतलाबाई विचारत होत्या, कौशल्याबाई सांगत होत्या, आणि विचारता विचारता शकुंतलाबाईंचे डोळे कोपरे शोधत होते. सापडत काहीच नव्हतं. आजीच्या खोलीत तर त्यांनी वाकून पलंगाखाली पाहिलं. खाली फक्त पेटी होती.

मग बैठक. नकाशा, पुस्तकांची फळी, घासून ठेवलेली चटई. सासूच्या खांद्यामागं रीता उभी होती. हातात मुखवटा, त्यामुळं कपाळावरचा घाम पुसता येईना. सासू काय सांगणार, हे तिनं विचारलं नव्हतं. त्यांनी बैठक म्हटलं की वर्षभर ती पाहुण्यांचीच, शाळा संपली.

"इथं काय हाय?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

कौशल्याबाईंनी मुखवटा नीट धरला. "इथं लेकरायची शाळा हाय," त्या खणखणीत म्हणाल्या.

"शाळा? अवं, मास्तर कुठी हाय?"

"हे काय, माह्या मागं उभी हाय."

आचलनं तोंडावर हात ठेवला. जुळ्यांनी एकमेकींना चिमटा काढला. रोशनला शब्दांचं वजन कळलं नसावं, पण सगळे हसतात हे पाहून त्यानं ताट असं बडवलं की दुकानातून गजेंद्र धावत आला. "काय झालं?"

"काई नाई," अंकित म्हणाला, "भूगोल सुरू हाय."

रीताचे डोळे भरून आले होते आणि तेही तिला पुसता येईनात. समोरची पावलं पुसट दिसायला लागली, तशी ती जागीच घुटमळली.

"थांबू नोको," कौशल्याबाई वळून म्हणाल्या. "पुढं आष्टी हाय, अन् आष्टी माही हाय."