बावीस गेले, चार वारले

पडदा वर जातो. धाड गावाच्या अलीकडचं आमचं गाव, चावडीसमोर पिंपळाचा पार आणि पाराला टेकलेला कमरेएवढा काळा दगड. त्यावर कोरलंय: '१९१४ ते १९१९च्या महायुद्धास या गावातून २२ असामी गेले. पैकी ४ वारले.' नाव एकाचंही नाही. 'चार'ला कुंकवाचा ठिपकाही नाही, 'बावीस' मात्र कुंकवानं लालभडक.

कुंकू लावणारी गोजरबाई, वय पंच्याऐंशी, हातात तांब्या.

तिचे आजोबा रायभान समुद्रापार बसऱ्याच्या लढाईला गेले तेव्हा तिचा बाप पाळण्यात होता. रायभान परतले नाहीत, घरी कागदही आला नाही. आजी तानाबाई रोज सकाळी 'बावीस'ला कुंकू लावी आणि तेच बोट आपल्या कपाळाला. अशी पंचावन्न वर्षं. ती गेली तेव्हा बायकांनी हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून तिला सवाष्ण म्हणूनच नेलं. मग कुंकवाचं काम नातीनं घेतलं. परगावचे लोक दगडाला देव समजून नारळ फोडत. गोजरबाई त्यांना कधी अडवत नसे.

यंदा सरपंच गोकुळनं सगळ्यांची नावं कोरलेला नवा संगमरवर आणायचं ठरवलं. भला पोरगा. खटपट करून लष्कराची यादी मिळवली. चौथे मयत निघाले रायभान, बसऱ्याच्या इस्पितळात, १९१७ साली.

गोजरबाई पंचायतीत आली. मीही होतो, अनावरणाच्या कार्यक्रमात नावं मला वाचायची होती. नाटकात काम करणं सुटून तीस वर्षं झाली, तरी गाव मला मास्तरच म्हणतं.

"गोकुळ, माह्या बुढ्याचं नाव गेलेल्यायमंदी लिव. मेलेल्यायमंदी नोको."

"काऊन वो आजी? शहीद हाये ना तो! केवढा मान हाये!"

"तुह्या मानानं माह्या आजीचं कुंकू पुसते, बापा."

गोकुळ हसायला गेला, पण हसू आवरून म्हणाला, "बरं, बावीसातच ठेवतो."

पण कारागीर शहरातला. त्याच्या हाती पहिलाच कागद पडला होता, बदल त्याला कोणी कळवलाच नाही. कार्यक्रमाच्या सकाळी फडकं निघालं, वारलेल्यांत चौथं नाव रायभानचंच होतं, आणि गोकुळचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, सांभाळून घ्या."

मी बावीस नावं वाचली. मग वारलेल्यांची तीन वाचली, चौथं गिळलं. टाळ्या पडल्या.

गर्दी ओसरल्यावर गोजरबाई पारावरच्या नव्या दगडापाशी आली. तिला वाचता येत नव्हतं.

"वारलेल्यायच्या ओळी किती, मास्तर?"

"तीन." इतक्या वर्षांत इतकं वाईट वाक्य मी कधी बोललो नव्हतो.

तिनं तळाच्या वेगळ्या ओळींवर बोट टेकवलं. एक, दोन, तीन. बोट चौथ्या ओळीवर थांबलं. मग तिनं कुंकवाची डबी न उघडताच कनवटीला खोचली.

पुन्हा ती पाराकडे फिरकली नाही, आणि पोळ्याच्या आधी गेली. दगडापासून वळताना मला म्हणाली होती,

"चार झाल्या, मास्तर. माही आजी आज रांडावली."