खोडवाला केरबा

शहागंजाच्या मागच्या गल्लीत जुन्या गाड्यांचा व्यवहार चालतो. तिथं कुणालाही विचारा, खोडवाला केरबा कुठं बसतो? चहावालासुद्धा हातातली किटली खाली न ठेवता हनुवटीनं दाखवील. लिंबाखालच्या त्या मोकळ्या जागेत थकलेले ट्रक, खिळखिळे टेम्पो आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत माणसं पोचवून पोचवून कंबर मोडलेल्या जीपा उभ्या असतात. केरबा गिऱ्हाइकाला गाडीभोवती फिरवतो आणि गुणांच्या आधी खोडी सांगतो. हिचा गिअर निसटतो. त्याला चढावर धाप लागते. हा ट्रक थंडीत सकाळी उठत नाही, ढकलायला माणसं पाळावी लागतील. लोक हसतात आणि निर्धास्तपणे रोख देऊन गाडी घेऊन जातात.

नाव कौतुकाचंच आहे, असं सगळ्यांना वाटतं. त्या नावानं कुणी हाक मारली की केरबा उजव्या हाताची मूठ मिटतो. अंगठा आत घालून.

त्याचं घराणं मेंढरांचं. बापाचं बोट धरून तो बाजार शिकला. त्यांच्या बाजारात भाव तोंडानं होत नसे. दोघांचे हात एका रुमालाखाली जात. बोटांनीच मागायचं, बोटांनीच घासाघीस करायची, भोवतीच्या बघ्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. सौदा जमला की घेणारा शेवटी देणाऱ्याची करंगळी दाबी. म्हणजे विचारी, जनावरात काही खोड? असेल तर देणाऱ्यानं उलट करंगळी दाबायची आणि रुमाल बाजूला करून खोड चारचौघांत बोलून दाखवायची. नसेल तर अंगठा दाबायचा. अंगठा दाबला की विषय संपला. त्यावर कुणी कुणाला शपथ घातली नाही.

बाप म्हणायचा, "तोंडानं खोटं बोललास तं कुणी टोकंल तरी. रुमालाखाली कोण हाय? तू अन् तुझा हात."

मेंढरं गेली. केरबा शहरात आला, ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, आणि पाठ धरायला लागली तेव्हा जुन्या गाड्यांचा दलाल. खांद्यावरचा रुमाल तेवढा बापाचा राहिला. खेड्यातून येणारे लोक तो ओळखत. जीप घ्यायला आलेला माणूस रुमाल पाहून आपसूक हात पुढं करी. शेजारी बसणारा दलाल रामकिसन म्हणायचा, "क्या केरबा, जीप बेचता कि बकरी?" पण केरबाच्या गाड्या रामकिसनच्या आधी जात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एकदा शेंद्र्याच्या एका ठेकेदाराकडून त्यानं एक पांढरी जीप उचलली. इंजिन बरं होतं, रंग तर चांगलाच. रोख देऊन गाडी आणली आणि मग खाली वाकून पाहिलं, तर पुढच्या बैठकीच्या खाली चासीला, गाडीच्या सांगाड्यालाच तडा. आधी वाकायला हवं होतं.

सांडू वेल्डरनं टाका घातला, वरून काळा रंग मारला. हात पुसत म्हणाला, "मोकळी चालवायला हरकत नाय. माणसं कोंबली तं हा टाका कवा सोडंल, नेम नाय. सांगून विक."

"सांगतोच की," केरबा म्हणाला.

तो सांगत राहिला आणि जीप तिथंच उभी राहिली. तिच्या चाकांना गवत लागलं. कुत्री तिच्या सावलीत विऊन पिल्लं मोठी करून गेली. रामकिसन रोज सकाळी तिला रामराम घालायचा. "पोसता क्या इसको? दूध कितना देती?" सगळी गल्ली हसायची, केरबाही हसायचा. पण ते हसणं त्याच्या आत कुठंतरी साचत होतं.

मग मल्हारी आला. फर्दापूरचा, केरबाच्या बायकोचा, बानाबाईचा चुलत भाऊ. लेणी पाहायला येणाऱ्या लोकांची ने-आण करायची त्यानं मनात घेतलं होतं.

"दाजी, ठरवूनच आलो. घ्यायची तं तुमच्याकूनच. बाहीर कोण कुणाचं?"

त्याला पांढरी जीप आवडली. रामकिसन खाटेवर बसून गंमत बघत होता. केरबानं रुमाल टाकला. भाव जमायला वेळ लागला नाही. शेवटी मल्हारीनं करंगळी दाबली. हलकेच, रीत म्हणून. तोंडानं तो विचारत होता, "बानाअक्काचे गुडघे कसे हायेत आता?"

"बरे हायेत," केरबा म्हणाला. आणि रुमालाखाली त्याच्या अंगठ्यानं मल्हारीचा अंगठा दाबला.

नड होती का? नव्हती. घरात दाणे होते, पोरगी नांदत होती. कुणाचा तगादा नव्हता. रामकिसनसमोर ती जीप एकदाची जावी, एवढंच. पुढं कितीतरी वेळा त्यानं मोठं कारण शोधून पाहिलं. सापडलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळी झाल्यावर किराणा दुकानाच्या फोनवर मल्हारीचा निरोप आला. फोन बानाबाईनं घेतला आणि हसत घरी आली. "मल्हारीला गावातल्या लेकरांना शाळेत न्यायचं काम भेटलं. सोमवारपासून. म्हनतो, दाजीचा हात लाभला, नारळ त्यांच्याच हातानं फोडायचा. आपल्या दोघांला बलावलंय."

"मला जमायचं नाय."

"काहून? माझ्या माहेरला जायचं म्हनलं की तुमच्या पाठीत भरतं."

बानाबाईनं आपलं ठेवणीतलं लुगडं काढलं. चुलतीला न्यायला धपाटे केले. एस.टी.त ती सारा रस्ता बोलत होती आणि केरबा खिडकीबाहेर पाहत होता. घाट उतरताना प्रत्येक वळणावर त्याला ती काळ्या रंगाखालची रेघ दिसत होती. त्यानं ठरवलं, मल्हारीला बाजूला घेऊन हळूच सांगायचं. जीपचे पैसे त्यानं निघतानाच आतल्या खिशात घातले होते, ते देऊन टाकायचे. कुणाला कळायचंही नाही.

पण बाजूला घ्यायला जागाच नव्हती. जीप झेंडूच्या माळा घालून देवळासमोर उभी होती. पोरं केव्हाच चढून बसली होती, मागं एकमेकांच्या मांडीवर, पुढच्या बैठकीवर मल्हारीची धाकटी लेक आणि तिच्या तीन मैत्रिणी. खाली त्यांच्या आया. एक आपल्या लेकराच्या शर्टाचं बटण खिडकीतून हात घालून लावत होती. दुसरी मल्हारीला म्हणत होती, "भाऊ, हळू न्या बरं. माझं दारापाशी बसतंय." मल्हारीची आई सुगंधाबाई आरतीचं ताट घेऊन पुढं आली.

"या जावईबापू. तुमच्यापायी आज हे दिसलं."

तिनं नारळ त्याच्या हातात दिला. केरबानं तो उचलला, आणि वर गेलेला हात त्याला खाली आणता येईना. शेंडी धरलेल्या बोटांत अंगठा वर आलेला होता. तो त्या अंगठ्याकडंच पाहत राहिला.

"फोडा की दाजी," मल्हारी म्हणाला. "का मुहूर्त पाहताय?"

"लेकरं उतरव," केरबा म्हणाला.

"आँ?"

"आधी लेकरं उतरव. चासीला तडा हाय. पुढच्या शिटाखाली. टाका घालून रंग मारलाय. मला ठाऊक व्हतं."

आयांनी आपापली पोरं काढून घेतली, ज्यांना दार सापडलं नाही त्यांनी खिडकीतून. मल्हारीच्या धाकटीला सुगंधाबाईनं उचललं. ताट कुणाच्या हातात दिलं, तिचं तिलाच कळलं नाही.

मल्हारी जीपखाली गेला. किल्लीनं रंग खरडल्याचा आवाज बाहेर आला. उठला तेव्हा त्याच्या पाठीला माती होती आणि आवाज अगदी साधा होता.

"मी करंगळी दाबली व्हती का, दाजी?"

"व्हय."

"मंग तुम्ही काय दाबलं?"

केरबाची नजर हातातल्या नारळावर गेली.

"रुमाल न्हाय आता. दावा सगळ्यांला."

त्यानं हात पुढं केला. गाव पाहत होतं. केरबानं नारळ खाली ठेवला आणि मल्हारीचा अंगठा धरून दाबला. त्या दिवशी दाबला होता तसाच.

सुगंधाबाई एवढंच म्हणाली, "जनावरात बी कुणी असं केलं न्हाय आपल्यात." जावईबापू म्हणाली नाही.

पैसे परत करून केरबा जीप परत न्यायला बसला. "तू एस.टी.नं ये," तो बानाबाईला म्हणाला. ती पुढच्या बैठकीवर चढली.

"बाना, उतर. घाट हाय."

"लेकरं बसणार व्हती," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

घाट चढताना त्याला टाक्याची कुरकुर ऐकू येत होती, की नुसती वाटत होती, कोण जाणे. तो वळणं गोगलगाईसारखी घेत होता. बानाबाई एका हातानं समोरची दांडी धरून बसली होती, धपाट्यांचं गाठोडं मांडीवर तसंच. अजिंठा गावाच्या चढावर आल्यावर ती म्हणाली, "तो रुमाल इकडं द्या." त्यानं खांद्यावरून काढून दिला. तिनं त्याचं पुढं काय केलं, हे त्यानं कधी विचारलं नाही.

जीप त्यानं सांडूकडून गॅसनं कापून भंगारात घातली. रामकिसन हळहळला. "अरे, एकानं परत दिली तं दुसरं गिऱ्हाईक पाहायचं. कापतो काहून?" त्यानंतर केरबानं रुमालाखाली सौदा केला नाही. खोडी तोंडानं सांगायला लागला, मोठ्यानं, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जातील अशा. लोकांना वाटलं, काय सचोटीचा माणूस. त्यातून ते नाव पडलं. हात विश्वासाचा राहिला नाही म्हणून तोंडानं सांगतोय, हे गल्लीत कुणाला माहीत नाही.

मल्हारीनं पुढं दुसरी, चांगली जीप घेतली. पण आयांनी तिच्यात लेकरं बसवली नाहीत. कुणी कारण दिलं नाही. शाळेचं काम दुसऱ्याकडं गेलं. आता तो लेण्यांच्या पायथ्याशी उसाचा रस विकतो. पंचमीला बानाबाईला माहेराहून बोलावणं येतं, नाही असं नाही, पण फोनवर "येशील का?" विचारतात. आधी "कवा येतीस?" विचारायचे. ती गुडघ्यांचं कारण सांगते.

मागं एक गिऱ्हाईक पेढे घेऊन घरी आलं. केरबाकडून घेतलेला टेम्पो चांगला चालला होता. माणूस भला होता, बोलघेवडा. "मावशी, आजच्या काळात अशी माणसं राहिली नाहीत. आमच्याकडं दाखला देतात, गाडी घ्यावी तर खोडवाल्या केरबाकडून. त्यांचा शब्द म्हणजे शब्द."

केरबानं मूठ मिटली.

बानाबाई उठली. "पाणी आणते," म्हणाली आणि आत गेली. पाहुण्यासमोर तांब्याभर पाणी केव्हाचं ठेवलेलं होतं.