नवरा बोलत नाही

आमच्या चर्चमधली बहुतेक मंडळी स्टील प्लांटच्या नोकरीतली. क्वार्टरचा नळ गळला की मेंटेनन्स ऑफिसात जायचं, रजिस्टरात तक्रार लिहायची, काम झालं की 'क्लोज' म्हणून सही करायची, अशी जन्माची सवय. आमच्या चर्चचे सेक्रेटरी प्लांटमधून रिटायर झाले, पण ऑफिस काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही. त्यांनी चर्चच्या दारातही एक रजिस्टर ठेवलं. मी पास्टर. मला वाटलं, बरं झालं, निदान माझं डोकं तरी कोणी खाणार नाही. भाबडेपणा, दुसरं काय!

महिनाभरात रजिस्टर अर्धं भरलं. देवाकडेही इतक्या मागण्या जात नसतील. 'डावीकडचा पंखा फार जोरात फिरून राहिला.' त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'डावीकडचा पंखा हवाच देत नाही.' पंखा एकच, बरं का! 'चहात साखर कमी.' 'चहात साखर जास्त, आमाले शुगर आहे.' गाणाऱ्या बाईंनी लिहिलं की कीबोर्डच बेसूर आहे. नाचता येईना अंगण वाकडं. एका महाशयांनी तर मी प्रार्थनेत 'आमाले' म्हणालो म्हणून तक्रार नोंदवली. देवाशी शुद्ध मराठीत बोलावं म्हणे. जसा काही देव पुण्यात राहतो!

मी हसलो खरा, पण धावलोही. इलेक्ट्रिशियन शोधला, साखर वेगळ्या डब्यात ठेवली, मुकाट्यानं 'आम्हाला' म्हणायला लागलो. पूर्वी संध्याकाळी मी आजाऱ्यांच्या घरी जायचो, प्रार्थना करून प्रभुभोजनाचा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट द्यायचो. आता त्याच वेळी आम्ही कमिटीचे चौघे बसून तक्रारी 'अटेंड' करायचो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एका रविवारी चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली एक बाई मला भेटायला थांबली. नेहमी मागच्या बाकावर बसणारी, कधी कशाची कुरकुर न करणारी. मी साखरेच्या वादात अडकलो होतो. मीच म्हणालो, "रजिस्टरात लिहा न ताई, पाहतो मी."

तिनं लिहिलं, 'नवरा बोलत नाही. पास्टरले पाठवा.'

संध्याकाळी सेक्रेटरींनी चष्मा सावरून ते वाचलं. "घरगुती मामला आहे हा," ते म्हणाले. "आमची तर दिवसभर बोलून राहिली, तिचं काय करू?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. त्यांनी शेरा मारला, 'चर्चच्या कक्षेबाहेर. क्लोज.' आणि आम्ही पंख्याकडे वळलो.

दोन रविवार ती दिसली नाही. तिची जागा रिकामी आहे, हे मला कळलंसुद्धा नाही. रिकाम्या जागेची तक्रार कोणी करत नाही ना. मग बाजारात तिचा शेजारी भेटला.

"पास्टर, तुमी कावून नाही गेले अजून? ताईच्या नवऱ्याले लकवा मारला. शब्द फुटत नाही तोंडातून."

घरी आलो, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस पिशवीत घेतला आणि तसाच स्कूटरवर चरोद्याला गेलो.

तिनं दार उघडलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "या," एवढंच म्हणाली.

तो खाटेवर होता. डोळे उघडे, नाकात नळी. मी घाईघाईनं भाकर काढली, प्याल्यात रस ओतला. तिनं माझा हात धरला.

"रोज हातानं प्याल्याची खूण करत होते जी. मले समजत होतं, प्रभुभोजन पाहिजे म्हणून. पण परवापासून घोटच उतरत नाही. डाक्टरनं सांगितलं, तोंडातून पाण्याचा थेंब बी नाही द्यायचा."

परवा. परवा संध्याकाळी मी नव्या कीबोर्डसाठी दुकानदाराशी घासाघीस करत होतो. मला माझीच इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

प्याला माझ्या हातातच राहिला होता. त्यानं तो पाहिला आणि हळूहळू तोंड उघडलं.

"नाही जी," ती त्याच्या ओठांवर तळहात ठेवत म्हणाली. "आता नाही."

तिनं हात काढला तरी त्यानं तोंड मिटलं नाही.