आग्रहातून पसरणारा किडा

माझ्या किड्याला त्या रविवारी कुणी घाबरलं नसतं, तर आमचा खेळ बंदच पडला असता.

लातूरला एका मित्राच्या घरी आम्ही चौघं फाशांवर गोष्टीचा खेळ खेळतो. एकानं 'मास्तर' होऊन गोष्ट सांगायची, संकटं आणायची. बाकीच्यांनी योद्धे, मांत्रिक व्हायचं. पण बरेच दिवस नुसते शिंगवाले राक्षसच येत होते. आमच्यातला कापडदुकानवाला वैतागला होता. "मास्तर, या टायमाला मजा न्हाई आली तर मी कॅरम काढणार," त्यानं मला फोनवर बजावलं. गोष्ट सांगायची पाळी पहिल्यांदाच माझ्यावर आली होती.

नांदेडहून एसटीनं निघालो. घरातला मी पहिला पदवीधर, तोही प्राणिशास्त्राचा. आमचे सर परजीवी असे शिकवायचे की अंगावर काटा यायचा आणि तास संपूच नये असं वाटायचं. एक बारीकसा जंत मुंगीच्या डोक्यात शिरतो आणि तिला गवताच्या शेंड्यावर चढवतो. मेंढी गवत खाते, जंत मेंढीच्या पोटात. लोहा गाव मागं पडलं आणि मला माझा किडा सापडला. मी एकटाच मोठ्यानं हसलो. शेजारच्या आजोबांनी पिशवी जवळ ओढली.

खेळात मी एक प्रेमळ म्हातारी आणली. किडा तिच्या पोटात राहतो आणि तिला सगळ्यांना खाऊ घालायला लावतो. घासाघासात त्याची अंडी. वाचायचं तर तीनदा 'नको' म्हणायचं. पहिले दोन नकार किडा मोजतच नाही, रीत म्हणून सोडून देतो. मी इशाराही दिला होता: तिच्या ओठांआड काहीतरी वळवळतंय, कुत्रं उंबरा ओलांडत नाही.

"खाऊ नका रे," मांत्रिक झालेला मित्र कुजबुजला.

"घे की लेकरा, एकच धपाटं," मी म्हातारीचा आवाज काढला.

"नको आजी," कापडदुकानवाला म्हणाला.

"असं काय करून राहिलास? अर्धं घे."

"नको म्हणलं ना... बरं, अर्धंच."

राक्षस मारलेले हे वीर! तिघांनीही खाल्लं. कापडदुकानवाल्यानं तर वर दही मागितलं.

"तुमच्या टाळूवर काहीतरी हललं," मी हळूच म्हणालो. "आणि आता तुम्हाला शेजारच्याला खाऊ घालावंसं वाटून राहिलंय."

कापडदुकानवाला ताडकन उठला. "अबे, मी नको म्हणलो होतो!"

"दोनदाच."

"म्हातारीला तिसऱ्यांदा कोण नको म्हणतं बे?"

तेवढ्यात दारात काकू, म्हणजे मित्राची आई. हातात गरम धपाट्यांचं ताट. "लेकरांनो, एकेक घ्या."

आम्ही चौघंही किंचाळलो. ताट पडता पडता राहिलं.

"नको काकू!" कापडदुकानवाला भिंतीला टेकला.

"का रे? बरं न्हाई का?"

"नको काकू..."

"अर्धं तरी घे."

त्यानं मान खाली घातली आणि हात पुढे केला. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. त्यानं हातातल्या अर्ध्या धपाट्याचा तुकडा मोडून माझ्या तोंडापाशी धरला.

"घे," तो म्हणाला. "आणि याच्यावर औषध कोणत्या गावात मिळतं ते सांग. कॅरम ऱ्हाऊ दे."