दोन मडकी आणि एक वाटी

संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत मातीची दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवली होती. आत तान्ह्या बाळाची हाडं, शेजारी एक इवलीशी वाटी. पाटीवर लिहिलं होतं की गोदावरीच्या खोऱ्यातली ती माणसं, ख्रिस्तजन्माच्या कितीतरी आधी, आपली लेकरं अशी मडक्यांत घालून राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत.

"बिचारी माणसं, प्रभूला न ओळखता अंधारातच गेली," माझा नवरा हळूच म्हणाला. संडे स्कूलमध्ये मीही मुलांना हेच शिकवते.

पण माझी नजर त्या वाटीवरून हलेना. आमची रूथ चार महिन्यांची होऊन गेली. "ती प्रभूजवळ आहे," असं पाळकसाहेब म्हणाले आणि आम्ही तिला गावाबाहेरच्या दफनभूमीत ठेवून घरी आलो. संध्याकाळी गारठा पडला, तेव्हा तिची दुपटी माझ्या मांडीवर होती. मडक्यातल्या बाळाच्या आईला ते एवढं लांब ठेवावं लागलं नाही. ती त्याच जमिनीवर चूल पेटवायची, तिथंच निजायची.

शेवटच्या दिवशी कबरी उघडतील, असा माझा विश्वास आहे. मी धावत दफनभूमीत जाईन. ती आईही उठेल, घाईघाईनं घराची जमीन उकरेल, आणि तिथं तिचं बाळ नसेल. ते इथं आहे, परक्या शहरात, काचेत.

"चल, बंद करायची वेळ झाली," नवरा म्हणाला.

मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, असं आमच्या मंडळीत शिकवतात. मी डोळे मिटले.

"प्रभू, तिला इथला पत्ता सांग."