आबांची कूस बदलणारी मावशी

शमीममावशी कुठल्याही घरात शिरली की आधी नाक वर करायची. नमस्कार नंतर. "उदबत्तीचा वास आला म्हंजी समजायचं, आत कायतरी कुजतंय आन् घरच्यांना ते ठावं हाय." खुटबावला मामाच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या खोलीत दोन उदबत्त्या जळत होत्या. तिनं त्या विझवल्या, खिडकी उघडली आणि आबांना कुशीवर वळवलं. पाठीवर तळहाताएवढी जखम होती. मामी नाकाला पदर लावून बाहेर गेली.

मी कवठे येमाईची. दौंडला कॉलेजात होते म्हणून मामाकडे राहायचे. आबांना लकवा झालेला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आजी थकलेली, तिच्यानं त्यांना उचलणं होत नव्हतं. मावशी रुग्णसेवेला बायका पाठवणाऱ्या ब्युरोकडून आलेली; दौंडहून सकाळच्या डेमू गाडीनं यायची आणि दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची. जेवत असली तर ताट सारून उठायची. दुखलं की आबा डोळे वटारायचे. "द्या शिव्या, आबा. ही आईवरनं व्हती, न्हाई का?" मग आबा अर्ध्या तोंडानं हसायचे. त्या घरात त्यांना हसवणारी ती एकटीच होती. दोन महिन्यांत जखम भरत आली.

तिचा चहाचा कप वेगळा होता, मोरीवरच्या फळीवर. आबांचं हगलं-मुतलं काढणारा मुसलमान बाईचा हात घराला चालत होता, कपाला चालत नव्हता. मी चिडून बोलले तर मावशी म्हणाली, "बरं हाय की! माझा कप कुनी उष्टा करत न्हाई." मला तिचा राग आला. मला तेव्हा सगळ्यांचाच यायचा.

मग मामाच्या पोराचा साखरपुडा ठरला. गावात मान असलेलं घर, पाहुणे तालेवार. म्हातारा अंथरुणात दिसला तर लोक काय म्हणतील? आबा हॉलमध्ये खुर्चीतच हवेत, फेटा बांधून.

"एक तास," मावशी म्हणाली. "नवं कातडं हाय, मामा. वर दहा मिन्टं बी न्हाई."

तास भरला तेव्हा फोटोंना नुकती सुरुवात झाली होती. मावशी पाहुण्यांमधून सरळ पुढे आली आणि आबांच्या काखेत हात घालून म्हणाली, "बास. आता आबा आडवे व्हनार."

मामा सगळ्यांसमोर ओरडला, "ए बाई, तू कामाला आलीयस, घरची मालकीण न्हाईस. चल, नीघ!"

ती गेली. जाताना मला एवढंच म्हणाली, "तू तरी बघ गं."

मी काय बघितलं ते सांगते. आबा घसरायला लागले म्हणून त्यांना उपरण्यानं खुर्चीला बांधलं. वरून शाल घातली, गाठ दिसू नये म्हणून. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत माणसं येत राहिली, पाया पडत राहिली. आबा कण्हत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. पाहुणे म्हणाले, "नातवाचं बघून आबांना भरून आलं." मीही पाया पडले. फोटो आहे.

संध्याकाळी त्यांना उचललं तेव्हा धोतराबरोबर कातडं निघून आलं. दुसऱ्या दिवशी ब्युरोनं एक नवी मुलगी पाठवली. ती जखमेवर टाल्कम पावडर मारायची आणि मोबाइल बघत बसायची. कटकट करत नाही म्हणून मामीला ती फार आवडली. पाच आठवड्यांनी आबा गेले. दशक्रियेला एका पुढाऱ्यानं माईकवर सांगितलं, वडिलांची सेवा कशी करावी ते या घराकडून शिकावं. माना हलल्या.

पुढे तीन महिन्यांनी आजी पडली, खुबा मोडला. आता मामीनं ब्युरोला नाही, थेट शमीममावशीला फोन केला. मला कळलं तशी मी दौंडला तिच्या घरी धावले. तोवर मी मामाचं घर सोडून हॉस्टेलवर आले होते, घरोघरी रुग्णसेवा करणाऱ्या बायकांच्या संघटनेत शिरले होते, पत्रकं लिहीत होते. ती भाकऱ्या थापत होती.

"जायचं नाही," मी म्हणाले. "आधी माफी मागू दे. सगळ्या गावासमोर हाकललंय तुला. आबांना मारलंय त्यांनी."

"व्हय, मारलंय."

"मग?"

"म्हातारी परवापासनं वल्यात पडलीय. माफी ईपर्यंत तिला कोन बघंल? तू जाती?"

भाकरी उलटून तिनं माझ्याकडे बघितलं. खरंच वाट बघत होती. माझी सख्खी आजी, खुटबाव गाडीनं अर्ध्या तासावर. मी म्हणाले, या आठवड्यात मेळावा आहे, जमणार नाही.

"बरं," ती म्हणाली.

मेळाव्यात मी मावशीवर बोलले. टाळ्या पडल्या. त्याच वेळी ती माझ्या आजीचं ढुंगण धूत होती. त्यानंतर तिनं माझा फोन कधी उचलला नाही.