समुद्राचं पाणी कोणं सोडलं?

सांगतो बापा, सांगतो! पण आधी चहा हाती घ्या, अन् कबूल करा का ही गोठ आंधळगावच्या शिवेबाहेर जाणार नाही. तशी आमच्या सुमननं चौघींच्या कानात टाकलीच आहे, म्हणजे आतापर्यंत साकोलीले पोचलीबी असंल. पण नवऱ्याची फजिती बायकोच्या तोंडून आयकण्यापेक्षा त्याच्याच तोंडून आयका. जरा तरी लाज राहते.

तुम्हाले माहीतच आहे, मी गेल्या वर्षी रिटायर झालो. पोट्टा पुण्याले नोकरीत. त्यानं आम्हा दोघांसाठी जहाजाची सहल काढली. मुंबईहून निघायचं, गोव्याले एक दिवस उतरायचं, अन् परत. जहाज कसलं, चालतं-फिरतं गाव होतं ते! वर पोहायचं टाकं, खाली नाटकाचं थेटर, अन् जेवाले बसलं का काय घ्यावं अन् काय सोडावं! सुमन तं निघाल्यापासून नुसती हासून राहिली होती. इतक्या वर्षांत मी तिले नागपूरच्या पुढे नेलं नव्हतं, आता तुमच्यापाशी खोटं कायले बोलू?

सकाळी गोवा आला. माइकवर सांगितलं, चार वाजेच्या आत परत या. जहाजाचं कार्ड अन् आधार कार्ड, दोन्ही संग ठेवा. कार्ड नसंल तं आत घेणार नाही, अन् उशीर झाला तं जहाज कोणासाठी थांबणार नाही. दोघांचे चारही कार्ड मी माझ्या कापडी पिशवीत टाकले.

"अवो, सारे बसनं जाऊन राहिले," सुमन म्हणे. "आपणबी जाऊ."

"बसच्या काचातून काय गोवा दिसते? मी आहो ना संग!"

"म्हणूनच तं भेव लागते," ती म्हणे. पण आली बिचारी.

रिक्षा केली अन् कोळ्यांच्या होड्या लागतात अशा एका काठावर उतरलो. गर्दी नाही, गोंधळ नाही. दूरवर ओली रेती, अन् मधात एक काळा सपाट खडक, जसा कोणं आमच्यासाठीच पाट मांडून ठेवला. चालत चालत गेलो, खडकाखाली रेतीवर चपला काढल्या, तिथंच पिशवी ठेवली, अन् वर चढून बसलो.

आता तुम्ही म्हणाल, पिशवी खाली काहून ठेवली? अगा, आपण तलावावर आंघोळीले जातो तं काय करतो? कपडे काठावर, चपला काठावर. आपलं तलावाचं पाणी धानाले सोडलं का खालीच जाते. ते कधी वर चढून कोणाच्या चपला घेऊन गेलं आहे का? जन्माची सवय ती, समुद्र पाहून थोडीच सुटते!

सुमननं घरून आणलेला चिवडा काढला. जहाजात छप्पन भोग सोडून आम्ही खडकावर चिवडा खाऊन राहिलो होतो. वारा काय सुंदर! ती पोट्ट्याच्या लहानपणच्या गोठी काढत बसली. मी म्हटलं, जरा पाठ टेकतो. ती म्हणे, मीबी टेकते.

डोळा लागला, भाऊ. दोघांचाबी.

उठलो तं पाहतो, खडकाच्या चारही बाजूंनी पाणी! रेती कुठं गेली, चपला कुठं गेल्या, अन् पिशवी... पिशवी तिकडे पन्नास हातांवर मजेत डुलत चालली होती.

मी आभाळाकडे पाहिलं. एक ढग नाही. कडक ऊन. पाऊस नाही अन् पाणी चढून राहिलं! आता तुम्हीच सांगा, आपल्या वैनगंगेकाठी याचा अर्थ काय होते? एकच होते. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले!

"सुमन, उठ! पाणी सोडलं!"

"कोणं?"

"आता कोणं ते मंग पाहू! आधी उतर!"

गुडघ्यावर पाणी आलं होतं. तिचा हात धरला अन् काठाकडे निघालो. अन् माणूस कितीबी दूर जाओ, आपलं कर्तव्य विसरते का? मी मोठ्यानं आरोळ्या ठोकल्या, "पळा रे! धरण सोडलं! पंपाच्या मोटारी उचला! जनावरं सोडा!"

कोणाच्या मोटारी, कुठची जनावरं! पण आरोळीत दम होता. काठावर एक नवीन लग्नाचं जोडपं फोटो काढून राहिलं होतं, ते सॅंडल हातात घेऊन रोडाकडे सुटलं. त्यायले पाहून आइस्क्रीमवाला गाडी ढकलत सुटला. त्याच्यामागं गिऱ्हाईक. दोन मिनिटांत काठ साफ! मले खरं सांगतो, आतून बरंच वाटलं.

एकच माणूस हालला नाही. उलट्या होडीपाशी जाळं विणत बसला होता. चाळिशीतला, इनास नावाचा.

"अरे भाऊ, पळ! पाणी चढून राहिलं!"

"हो, चढतंय," तो शांतपणे म्हणाला.

"कोणं सोडलं?"

"सोडलं? कुणी नाही, काका. रोजच येतं."

"रोज?"

"दिवसातून दोनदा."

"दोनदा! रविवारीबी?"

"रविवारीबी."

"अन् तुम्ही कलेक्टरले एक अर्ज नाही दिला?"

त्यानं जाळं खाली ठेवलं अन् माझ्याकडे नीट पाहिलं. उन्हानं डोकं फिरलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

तेवढ्यात सुमन रडाले लागली. हो, खरंच रडाले लागली. "कार्ड गेले जी! जहाज जाईल आपलं. मी म्हणत होते ना, बसनं जाऊ! पोट्ट्यानं एवढ्या हौसेनं पाठवलं, आता त्याले काय तोंड दाखवू?" तिच्या अंगावर नवं लुगडं होतं, कमरेपर्यंत भिजलेलं. मले असं वाटलं का खडकावरच राहिलो असतो तं बरं झालं असतं.

इनासनं ती डुलणारी पिशवी पाहिली. छोटी होडी ढकलली, वल्हं मारलं, अन् दहा मिनिटांत पिशवी घेऊन हजर! निथळून राहिली होती, पण चारही कार्ड आत होते. सुमननं ते उलट्या होडीवर पापडासारखे वाळत घातले. इनासनं फोन करून रिक्षा बोलावली. तीन वाजाले आले होते. जहाज गाठलं आम्ही, ते आताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीले राहायचा.

पण रिक्षा येईपर्यंत अर्धा तास होता ना! इनास मोठा भला माणूस. त्याले वाटलं, हे म्हातारं खेड्यातलं, समुद्र कधी पाहिला नाही, याले समजावून सांगू. तो माझ्यापाशी उकिडवा बसला. ओल्या रेतीवर बोटानं एक गोल काढला.

"ही बघा काका, आपली पृथ्वी. हा इथं चंद्र. चंद्र पाण्याला ओढतो. मग इकडं पाणी फुगतं, ती भरती. तिकडं उतरतं, ती ओहोटी. कळलं?"

मी मान हालवली.

"नाही कळलं तर विचारा. लाजू नका."

"कळलं," मी म्हटलं.

"आता हा इथं सूर्य. अमावस्येला दोघं एका ओळीत आले, की मोठं पाणी येतं." त्यानं पुन्हा बोट फिरवलं. काय सुंदर शिकवून राहिला होता! सुमन होडीले टेकून उभी. रडणं थांबलं होतं. ती एकदा रेतीकडे पाहे, एकदा माझ्याकडे पाहे. मी काही तिच्याकडे पाहिलं नाही.

"काका, तुम्ही गावाकडं काय करता?" इनासनं विचारलं.

मी तोंड उघडलं. 'धानाची शेती करतो' असं अगदी जिभेवर आलं होतं, भाऊ. पण त्याआधी सुमन बोलली.

"हायस्कुलात मास्तर होते," ती म्हणे. "सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला यायनं."

इनासचं बोट रेतीतच थांबलं. बिचारा लाजला, घाईघाईनं उठून उभा राहिला. अन् हात जोडून मले काय म्हणते?

"सर, मी बरोबर सांगितलं ना?"

"बरोबर," मी म्हटलं. अन् आता तुमच्यापाशी कबूल करतो, सत्तावीस वर्षं मी ते पोट्ट्यायकडून पाठ करून घेतलं, पण मले ते त्या दिवशी पहिल्यांदा समजलं!